उत्तर दिलं म्हणून दंड



आपल्या कार्यक्रमाचा चिठ्ठ्यांचा डबा तुम्हाला ठाऊकच आहे. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होत असताना तो डबा फिरतो. जिला काही विचारायचं असेल ती चिठ्ठी टाकते. नाव लिहायची सक्ती नाही. शेळीच्या विम्यापासून कर्जाच्या व्याजापर्यंत सगळे प्रश्न त्यात येतात. दोन महिन्यांपूर्वी त्यात एक चिठ्ठी आली. पेन्सिलीनं लिहिलेली, अक्षर मोडकं. लिहिलं होतं, "तांबी बसवल्यावर डोक्यावर ओझं उचललं तर ती पोटात वर चढते का? सासूबाई म्हणतात काळजापर्यंत जाते."

मी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि डब्याच्या तळाशी ठेवून दिली. मनात म्हटलं, हे रेडिओवर कसं वाचायचं? घराघरांत सासरे बसलेले असतात, पोरं अभ्यासाला बसलेली असतात. पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळीही तेच केलं. एकदा नाही, चार भाग झाले, ती चिठ्ठी तळाशीच राहिली.

आज त्या चिठ्ठीचं उत्तर द्यायचं आहे. पण त्याआधी मला तुम्हाला एका माणसाची हकीकत सांगायची आहे. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून तो माणूस १९३४ मध्ये मुंबईत कोर्टात उभा राहिला, आणि दंड भरून आला. पण उत्तरं देणं त्यानं सोडलं नाही.

त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. लोक त्यांना र. धों. म्हणून ओळखतात. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. महर्षी आपल्याला माहीत असतात. विधवांसाठी त्यांनी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं, १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. मी बी. ए. ला होते तेव्हा परीक्षेत महर्षींवर प्रश्न हमखास यायचा. त्यांच्या मुलावर मात्र एकदाही आला नाही. हे नाव मला कॉलेज सुटल्यावर कळलं.

र. धोंं.चा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणात मुरुडचा. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई, राधाबाई, बाळंतपणात गेली. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असं आपण म्हणतो. त्या काळी हा दुसरा जन्म कितीतरी जणींना मिळतच नव्हता. एक मूल अंगावर पीत असताना दुसरं पोटात, आणि त्यात अंगात रक्त नाही. घरोघरची हीच कथा होती. आपल्या आजीला विचारा, तिच्या आईची किती बाळंतपणं झाली आणि किती मुलं जगली. उत्तर देताना आजी बोटं मोजेल.

र. धों. मोठे होऊन गणिताचे प्राध्यापक झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायचे. पण शिकवता शिकवता त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. मुलं किती व्हावीत आणि कधी व्हावीत हे बाईच्या हातात असलं पाहिजे, आणि त्यासाठी तिला माहिती मिळाली पाहिजे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी असंच केंद्र उघडलं तेही त्याच साली. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ मध्ये त्यांनी याच विषयावर मराठीत पुस्तक लिहिलं. कॉलेजच्या चालकांना प्राध्यापकाचं हे काम रुचलं नाही. १९२५ मध्ये नोकरी गेली.

आता विचार करा. महिन्याचा पगार बंद. लोक नावं ठेवतात. अशा वेळी माणूस काय करेल? गप्प बसेल, दुसरी नोकरी बघेल. र. धों.नी जुलै १९२७ मध्ये मासिक काढलं. नाव ठेवलं 'समाजस्वास्थ्य'. समाजाचं आरोग्य. त्यात शरीराबद्दल, पाळीबद्दल, गर्भधारणेबद्दल, गुप्तरोगांबद्दल, नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल साध्या मराठीत लिहिलेलं असायचं. बराचसा मजकूर ते स्वतःच लिहायचे. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्याबरोबर होत्या. दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया र. धों.नी स्वतःवर करून घेतली होती. लोकांना सांगायचं आणि आपल्या घरात वेगळं वागायचं, हे त्यांच्यात नव्हतं.

ते १९२७ साल आपल्या इतिहासात मोठं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. पाठोपाठ एप्रिलमध्ये त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केलं. तेही हाताशी पैसा नसताना, बरेच रकाने स्वतः लिहून. लोकांशी नेमानं बोलत राहायचं असेल तर आपलं स्वतःचं पत्र हवं, हे या दोघांनाही कळलेलं होतं. पुढे या दोघांची गाठ कोर्टात पडायची होती.

मैत्रिणींनो, मासिक चालवणं म्हणजे काय ते गट चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. गट काढणं सोपं असतं. पहिल्या बैठकीला सतरंजी कमी पडते. सहाव्या बैठकीला निम्म्या जणी येतात. भांगलण आली, लग्नसराई आली, कुणी रागावली. तेराव्या बैठकीला जी वही घेऊन वेळेवर येऊन बसते, तिच्यामुळे गट टिकतो. मासिकाचंही तसंच. पहिला अंक कुणीही काढेल. महिना संपला की पुढचा अंक हजर पाहिजे. कागदाचे पैसे, छापखान्याचे पैसे, टपालाची तिकिटं. र. धों. हे पदरमोड करून करत राहिले. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले, तोपर्यंत. सव्वीस वर्षं.

पण नेमानं निघणं ही निम्मीच गोष्ट झाली. दुसरी निम्मी गोष्ट होती वाचकांची पत्रं.

'समाजस्वास्थ्य'ला वाचक पत्रं लिहायचे. जे डॉक्टरला विचारायची लाज वाटते, जे आईला विचारता येत नाही, जे मित्राला विचारलं तर तो हसेल, ते सगळं पत्रात यायचं. र. धों. ते प्रश्न अंकात छापायचे आणि खाली उत्तर द्यायचे. उत्तर सरळ असायचं. आडपडदा नाही, उपदेश नाही, पापाची भीती नाही. शास्त्राला जे माहीत आहे ते इतकंच, असा त्यांचा हिशेब. एकानं विचारलेलं, पण तोच प्रश्न मनात घेऊन बसलेले दुसरे कितीतरी जण ते उत्तर वाचायचे. आपल्या बैठकीत एकीनं विचारलं की चौघी माना वर करतात, तसंच.

समाजातल्या मोठ्या लोकांना हे सोसलं नाही. मासिकाच्या मुखपृष्ठावर उघड्या स्त्रीदेहाचं चित्र असायचं, त्यावरूनही आरडाओरड व्हायची. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या एका लेखावरून पहिला खटला झाला. अश्लीलतेचा आरोप. शंभर रुपये दंड झाला. नोकरी नसलेल्या माणसाला त्या काळचे शंभर रुपये म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. पण पुढचा अंक निघाला.

१९३४ मध्ये दुसरा खटला झाला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण या वेळी आरोप लेखावरून नव्हता. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना जी उत्तरं दिली, ती अश्लील आहेत असा आरोप होता. म्हणजे कोर्टापुढे प्रश्न असा होता की, लोकांनी विचारलं तर उत्तर द्यायचं की नाही?

र. धोंं.च्या बाजूनं बॅरिस्टर म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेलेला. देशभर नाव झालेलं. पाठीमागे स्वतःच्या चळवळीचा एवढा डोंगर असताना त्यांनी एका बदनाम मासिकाची बाजू घेतली. यात त्यांना काही मिळणार नव्हतं.

बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. लैंगिक विषयावर लिहिलं की ते अश्लीलच, असं धरून चालता येणार नाही. या मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे. मग त्या विषयावर वाचकानं मनापासून विचारलं, तर संपादकानं उत्तर का देऊ नये? उत्तर द्यायचं नाही म्हणणं म्हणजे मासिक बंद करा म्हणण्यासारखंच आहे. न्यायाधीशांना असं वाटत होतं की असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला. त्यावर बाबासाहेबांचा मुद्दा होता की प्रश्नात विकृती असेल तर ती घालवायचा उपाय ज्ञान हाच आहे. उत्तर नाही दिलं तर ती जाणार कशी? या विषयावर अभ्यास करणारे इंग्रज लेखक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी दिला.

खटला हरला. र. धों.ना दोनशे रुपये दंड झाला.

मी ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं होतं, बाबासाहेब वकील आहेत म्हणजे जिंकणारच. तसं झालं नाही. कोर्टात ते हरले. पण पुढच्या महिन्यांतही 'समाजस्वास्थ्य' निघत राहिलं आणि उत्तरंही छापली गेली.

बाबासाहेबांनीही तो विषय कोर्टातच सोडून दिला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण तिथे पी. जे. रोहम यांनी मांडलं. वारंवारच्या बाळंतपणानं बाईच्या तब्येतीची होणारी हेळसांड, गरिबाच्या घरची ओढाताण, हे सगळं त्यात होतं. तो ठरावही फेटाळला गेला. त्या काळात महात्मा गांधींसारख्या मोठ्या माणसालाही संततिनियमनाची साधनं मान्य नव्हती. अमेरिकेतल्या मार्गारेट सँगर या बाई १९३५ च्या डिसेंबरात मुद्दाम वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी गांधीजींचं मत संयमाच्याच बाजूनं राहिलं. म्हणजे र. धों. कुणाच्या विरुद्ध उभे होते, याचा अंदाज करा. इंग्रज सरकारचा कायदा एका बाजूला, आणि आपल्याच लोकांतली आदराची माणसं दुसऱ्या बाजूला.

आता एक खरी गोष्ट सांगायलाच हवी. हे मासिक आपल्या खेड्यातल्या आज्या-पणज्यांपर्यंत पोचलं नाही. पोचणार कसं? १९३१ च्या शिरगणतीत देशात शंभर बायकांमागे जेमतेम तिघींना लिहिता-वाचता येत होतं. पत्र लिहायला अक्षर लागतं, तिकिटाला पैसा लागतो, आणि आलेला अंक घरात कुणी बघणार नाही अशी जागा लागते. या तिन्ही गोष्टी आपल्या पणजीकडे नव्हत्या. बाईच्या सुखासाठी चाललेलं मासिक होतं, पण ज्या बाईला त्याची सगळ्यात जास्त गरज होती, तिच्या हातात ते पडत नव्हतं. तिच्या मनातला प्रश्न मनातच राहिला, आणि सासूकडून सुनेकडे, सुनेकडून नातसुनेकडे अफवा होऊन उतरत गेला. तांबी काळजापर्यंत चढते, ही गोष्ट अशीच कुठून तरी आलेली असणार.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. र. धोंं.ना ते बघायला मिळालं. दुसऱ्याच वर्षी ते गेले. त्यांच्या सहकारी शकुंतला परांजपे यांनी हे काम पुढे चालवलं आणि पुढे त्या राज्यसभेतही गेल्या. ज्या गोष्टीसाठी दंड भरला, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर रंगवला गेला.

पण मैत्रिणींनो, मधल्या काळात एक गोष्ट हरवली. सरकारचं साधन गावापर्यंत आलं, त्याबरोबर बोलणं आलं नाही. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत तर नसबंदीचे आकडे वरून ठरवून दिले आणि माणसं धरून नेऊन शस्त्रक्रिया केल्या. तिथं कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्याची अशी दहशत बसली की पुरुषांनी नसबंदीकडे पाठ फिरवली, ती आजतागायत. आज ऑपरेशन म्हटलं की बाईनंच टेबलावर जायचं, हे आपण धरूनच चाललो आहोत. पुरुषाची नसबंदी सोपी असते, टाके जवळजवळ लागतच नाहीत, हे आपल्यापैकी किती जणींच्या नवऱ्यांना माहीत आहे? र. धों.नी ती स्वतःवर करून घेतली होती, तीही त्या काळात. पण सक्तीनं जे केलं जातं त्याला प्रश्न विचारायची सोय नसते, आणि प्रश्न नाही विचारला तर भीती जात नाही.

म्हणून मला र. धोंं.च्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांचं केंद्र किंवा त्यांची पुस्तकं वाटत नाहीत. ती पत्रांची पानं वाटतात. समोरचा माणूस जे विचारतो ते खरंच त्याला जाणून घ्यायचं आहे, असं धरून त्याला उत्तर द्यायचं. त्याला हसायचं नाही, त्याला दटावायचं नाही, आणि त्याची चिठ्ठी तळाशी घालायची नाही.

ही शेवटची गोष्ट मी स्वतःला सांगते आहे.

आपण हा कार्यक्रम दर आठवड्याला करतो, त्याचं पुढे मासिकात छापतो, तेव्हा मला बरं वाटत होतं. वेळ चुकवली नाही, अंक चुकवला नाही. वहीत तारखा लिहिलेल्या आहेत. पण एका बाईनं धीर करून पेन्सिल हातात घेतली, आणि मी आठवडे गेले तरी तिला उत्तर दिलं नाही. माझ्यावर कुणी खटला भरणार नव्हतं. दंड होणार नव्हता. फार तर कुणीतरी पारावर चार शब्द बोललं असतं. तेवढ्याला मी भ्याले.

तर ताई, तू जी कोण असशील, तुझं उत्तर ऐक. मी आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरांना विचारून सांगते आहे.

तांबी गर्भाशयात बसवतात. गर्भाशय पिशवीसारखं असतं आणि तिथून काळजाकडे जाणारी वाटच नसते. डोक्यावर पाण्याची कळशी घेतली, गवताचा भारा घेतला, शेतात वाकून काम केलं, म्हणून तांबी वर चढत नाही. क्वचित एखादीची तांबी आपोआप बाहेर पडते किंवा जागेवरून हलते. पण ते ओझ्यामुळे होत नाही. बसवल्यावर पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाणं, पोटात कळा येणं असं होऊ शकतं. तांबीला खाली दोरा असतो. दोरा हाताला लागेनासा झाला, ताप आला, पोटात जोराची कळ आली, अंगावरून घाण वासाचं जायला लागलं किंवा पाळी चुकली, तर घरी अंदाज करत बसू नकोस, लगेच उपकेंद्रात जा. बसवल्यावर पहिली पाळी झाली की एकदा तपासून घ्यायचं. सरकारी दवाखान्यात पाच वर्षं चालणारी आणि दहा वर्षं चालणारी अशा दोन्ही मिळतात, आणि मनात आलं तर मुदतीआधी कधीही काढून घेता येते. तुझ्या सासूबाईंना हेही सांग की त्यांना ही भीती वाटते यात त्यांची चूक नाही. त्यांना विचारायला कुणी डबा फिरवला नव्हता.

डब्याच्या तळाशी अजून तीन चिठ्ठ्या निघाल्या आहेत. त्याही मीच ठेवल्या होत्या. एक पाळी जायच्या वयातल्या त्रासाबद्दल आहे. एक मूल होत नाही म्हणून नवऱ्याची तपासणी कुठे करतात असं विचारणारी आहे. तिसरी वाचताना मला अजूनही घाम फुटतो. पुढच्या बुधवारी सिस्टर स्वतः स्टुडिओत येणार आहेत. तिन्ही चिठ्ठ्या वाचू, त्याच क्रमानं. सासऱ्यांना उठून जायचं असेल तर जाऊ दे, पण बसले तरी बिघडत नाही.

डबा या आठवड्यात वरच्या आळीतल्या गटाकडे आहे. पेन्सिल आतच ठेवली आहे.